नवीन पीएसआय: पिस्तूल आपल्याला निवडता येतं का, आणि हात लहान असेल तर काय करायचं?

वाशिमची_लेक

नमस्कार सगळ्यांना. एमपीएससीतून पीएसआयला सिलेक्शन झालंय, मेडिकल झालं, कागदपत्रं झाली, आता नाशिकला अकॅडमीत हजर व्हायची ऑर्डर कधीही येईल. घरात पोलीस मी पहिलीच, गावातही वर्दीतलं कोणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

माझा धाकटा भाऊ दिवसभर अमेरिकेतल्या पोलिसांचे व्हिडिओ बघतो आणि मला सांगत बसतो की ग्लॉक घे, सिग घे, गोळी नऊ एमएमची की पॉइंट पंचेचाळीसची ते आधी ठरव. मला खरंच माहीत नाही की आपल्याकडे असं ठरवता येतं का. मी आजवर फक्त एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू टू रायफल चालवलीय, पालथं झोपून पाच गोळ्या, बस. पिस्तूल हातात धरलेलं नाही. माझे हात लहान आहेत, बांगडी दोन-दोनची लागते मला, आणि मैत्रीण म्हणाली की सरकारी पिस्तूल जड असतं, मुलींना स्लाईडच, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढता येत नाही, तेव्हापासून मनात तेच घोळतंय.

दुसरं म्हणजे बाबा म्हणतायत की सोयाबीनचे पैसे आले की तुला स्वतःचं घेऊन देतो, बायकांसाठी हलकं रिव्हॉल्व्हर निघालंय असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. त्यांना वाटतं मुलगी रात्री-अपरात्री फिरणार तर जवळ चांगलं हत्यार पाहिजे. त्यांना नाही म्हणायचं तर कारण नीट सांगता आलं पाहिजे. तर कृपया जाणकारांनी सांगावं: निवडता येतं का, कोणतं मिळतं, लहान हाताचं काय, आणि स्वतःचं घ्यावं का.

कोतातला_माणूस

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी हवालदार म्हणून रिटायर झालो, नोकरीतली चौदा वर्षं जिल्हा मुख्यालयाच्या कोतावर, म्हणजे हत्यारांच्या कोठारावर गेली, हत्यार देणं, घेणं, पुसणं, मोजणं हेच काम. तुम्ही उद्याच्या अधिकारी, म्हणून अहो-जाहो करतो, पण सांगतो बापाच्या नात्याने.

निवडायचा विषय आपल्याकडे नाही. हत्यार सरकारचं, कोतातून बट नंबरावर, म्हणजे हत्यारावरच्या नंबरावर, इश्यू होतं, रजिस्टरला सही करायची, पिस्तूल एक, मॅगझिन किती, राउंड म्हणजे गोळ्या किती, लॅनयार्ड म्हणजे पिस्तूल बांधायची दोरी, होल्स्टर, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून परत द्यायचं. तुमच्या हातात बहुतेक येईल ते नऊ एमएम ऑटो पिस्तूल, त्याला वन ए म्हणतात, पश्चिम बंगालात ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं. मूळ डिझाईन बेल्जियमच्या ब्राउनिंगचं, १९३५ सालचं. जुनं म्हणून मन खट्टू करू नका. तेरा राउंडचं मॅगझिन, भरल्यावर किलोच्या आसपास भरतं, आणि नीट ठेवलं तर दगा देत नाही. सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे मागचा घोडा (हॅमर) मागे गेलेला असल्याशिवाय चाप कितीही ओढा, गोळी जाणार नाही. सेफ्टी कॅच डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याखाली येतो. ग्लॉक पण पोलिसांत आहे, पण ते स्पेशल युनिटला, आपल्या राज्याच्या फोर्स वन कमांडो पथकासारख्या. ग्लॉकला बाहेरून असा कॅच नसतो, सेफ्टी चापातच असते, त्यामुळे एकाची सवय लागलेला माणूस दुसरं हातात घेताना चुकू शकतो हे ध्यानात ठेवा. काही ठिकाणी पॉइंट थर्टी एटची सहा राउंडची रिव्हॉल्व्हर अजून निघते.

आता निवड नाही म्हणजे तुमच्या हातात काही नाही असं समजू नका. माझ्या खिडकीवर हत्यार घ्यायला येणारे निम्मे लोक मोबाईलवर बोलत सही करायचे आणि तसेच जायचे. तुम्ही तसं करू नका. बट नंबर मोठ्याने वाचा, रजिस्टरशी जुळवा. मॅगझिनचं तोंड बघा, वरच्या दोन्ही ओठांपैकी एक जरी वाकलेला असेल तर राउंड तिरका चढतो आणि ऐन वेळी अडकतो. मॅगझिन बसवल्यावर खट् आवाज आला पाहिजे, मग खालून ओढून बघा, हातात यायला नको. नळीतून उजेड बघा. आणि राउंड एकेक बोटावर फिरवून बघा, कुठे चेपलाय का, हिरवट काट चढलाय का. असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा, कोत हवालदार कुरकुर करेल, करू द्या.

आणि खाली करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाईड. हा क्रम मी रोज ओरडून सांगायचो. एका रात्री गणपती बंदोबस्त संपवून साडेतीनला एक साहेब हत्यार जमा करायला आले, तीन दिवस झोप नाही, डोळे लाल. त्यांनी आधी स्लाईड ओढली, एक राउंड चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या घरात गेला, मग मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि खाली झालं असं समजून चाप ओढला. नळी वाळूच्या पेटीकडे होती म्हणून बरं, गोळी वाळूत गेली. ब्राउनिंगच्या रचनेत मॅगझिन काढल्यावर चाप चालू नये अशी सोय असते, पण त्या पिस्तुलात ती झिजली होती की कुणी काढून टाकली होती देव जाणे. कुणाला काही झालं नाही, पण चहाचा कप दिला तर साहेबांच्या हातातून बशीत सांडत होता. म्हणून अशा कुठल्याच सोयीवर विसंबू नका. मॅगझिन काढा, स्लाईड तीनदा मागे ओढा, मग मागे अडकवून चेंबरात डोळ्याने बघा आणि करंगळी घालून बघा. अंधारात डोळा फसतो, करंगळी फसत नाही.

तेलाचंही सांगतो कारण ह्यात लई घोळ होतो. घरचं खोबरेल लावतात लोक. थंडीत खोबरेल थिजतं, बाटलीत थिजतं तसंच स्लाईडच्या खाचेतही थिजतं. हत्याराला हत्याराचंच तेल, तेही पुसून उरेल एवढंच. आणि पावसाळ्यात, त्यातून कोकणात पोस्टिंग पडलं तर, चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर पिस्तूल ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं, सकाळी स्लाईडवर तांबूस ठिपके दिसतात. माझ्याकडे जून ते सप्टेंबर अशी हत्यारं यायची की बघून पोटात कालवायचं.

नाईट_राउंड

ताई, मी एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक आहे, नाशिकचीच पासआउट, त्यामुळे अगं-तुगं करते. कोतातल्या काकांनी लिहिलंय ते प्रिंट काढून ठेव.

हाताचं बोलूया. माझाही हात लहान, ग्लोव्हज लेडीज स्मॉल. पहिल्या आठवड्यात स्लाईड माझ्याकडून अर्धी यायची आणि अडकायची, मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. मग आमच्या उस्तादांनी एक गोष्ट बदलायला लावली. मी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत स्लाईड धरत होते, कुकरची शिट्टी उचलतो तशी. त्यांनी सांगितलं चारही बोटं वरून टाक, तळवा दुसऱ्या बाजूने, पिस्तूल छातीजवळ आण, नळी टार्गेटकडेच, बोट चापाच्या बाहेर, आणि डाव्या हाताने मागे ओढत असतानाच उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. दोन्ही हातांनी अर्धं-अर्धं काम. पहिल्याच फटक्यात आली. त्यात ताकदीपेक्षा पकड जास्त लागते, आणि तुझ्या मैत्रिणीला हे कुणी सांगितलं नसणार.

चापापर्यंत बोट पोहोचतं का हा प्रश्न खरा आहे. बोटाचं पहिलं पेर चापावर मधोमध आलं पाहिजे. नाही आलं तर मुली नकळत पूर्ण पिस्तूल हातात फिरवून घेतात, मग धक्का अंगठ्याच्या मुळावर बसतो आणि गोळ्या एका बाजूला जातात. हे पहिल्या दिवशीच इन्स्ट्रक्टरला दाखव. लाजू नको, रेंजवर राउंड मोजून मिळतात, चुकीच्या पकडीत ते वाया गेले तर परत मिळणार नाहीत. उलट मोठ्या हाताच्या मुलांना ह्याच पिस्तुलाचा घोडा अंगठा आणि बोटाच्या मधल्या कातडीला चावतो, आमच्या बॅचमध्ये दोघांना पट्ट्या होत्या, आपल्याला तो त्रास नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगते. बंदोबस्ताला बारा-चौदा तास उभं राहिल्यावर वॉशरूमला जायचं असतं आणि कमरेला पिस्तूल असतं. बेल्ट काढला की होल्स्टर लोंबतं. फ्लश टँकवर ठेवायचं नाही, खिडकीत ठेवायचं नाही, दाराच्या खुंटीला तर अजिबात अडकवायचं नाही. मी बेल्ट तसाच गळ्यात अडकवते, होल्स्टरचं बटण बंद, लॅनयार्ड जोडलेली. ऐकायला विचित्र वाटेल पण हत्यार विसरून बाहेर येण्याची भीती मनातून गेली. पुरुष सहकाऱ्यांना हे सुचत नाही कारण त्यांच्यावर ती वेळ क्वचितच येते, म्हणून तुझं तू ठरवून ठेव.

भावाला एक सांग. पिस्तूल कमरेला असणं आणि ते चालवायचा अधिकार असणं यात फार अंतर आहे. अटक करताना, समोरच्याचा गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल तर त्याचा जीव घ्यायचा अधिकार कायदा देत नाही, पूर्वी हे सीआरपीसी या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या कलम ४३ मध्ये आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायचा असेल तर खाजगी बचावाचा हक्क सगळ्यांनाच आहे, पण तोही लागेल तेवढाच. आणि पोलिसांच्या गोळीने कुणी दगावलं तर चौकशी कशी व्हायची ते सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये पीयूसीएल (नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सांगून ठेवलंय, आपल्याच राज्याची केस आहे ही. त्यात अधिकाऱ्याला आपलं हत्यार बॅलिस्टिक तपासणीला जमा करावं लागतं. म्हणून बट नंबर, राउंडचा आकडा, स्टेशन डायरीतली नोंद, ह्याला कारकुनी समजू नकोस. त्या दिवशी हेच कागद तुझ्या बाजूने बोलतील.

आणि हो, वर्दीवर पिस्तूल हातात घेऊन फोटो, रील, काही नाही. मावसभाऊ मागेल, आत्या मागेल. नाही म्हणजे नाही.

एडिसनचा_काका

मी न्यू जर्सीत पंचवीस वर्षं आहे, माझा मोठा मुलगा इथे काउंटी शेरीफकडे नोकरीला लागला तेव्हा आमच्या घरात अगदी हाच विषय महिनाभर चालला होता, म्हणून भावाच्या व्हिडिओंबद्दल थोडं लिहितो.

इथे पोलीस एक नाही, अठरा हजारांच्या आसपास वेगवेगळी खाती आहेत, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. काही खाती पिस्तूल देतात, काही मंजूर यादी देतात आणि त्यातलं स्वतःच्या पैशाने घ्या म्हणतात. न्यूयॉर्क शहरात १९९३ पासून रिव्हॉल्व्हर जाऊन नऊ एमएम आलं तेव्हा नव्या भरतीतल्या पोरांना बरीच वर्षं तीन मॉडेलांतून एक निवडता यायचं, ग्लॉक, सिग आणि स्मिथ अँड वेसन. तुमचा भाऊ बघतो ते व्हिडिओ ह्या व्यवस्थेतले आहेत. पण न्यूयॉर्कने त्या पिस्तुलांचा चाप मुद्दाम जड करून घेतला होता, बारा पाउंड म्हणजे जवळपास साडेपाच किलोचा ओढा, चुकून गोळी सुटू नये म्हणून. मग नेम बिघडतो अशी ओरड इतकी वर्षं चालली की २०२१ मध्ये नव्या भरतीला हलका चाप दिला. निवडायला मिळूनही अडचण संपली नाही हे सांगायचंय मला.

नऊ एमएम की पंचेचाळीस यावर इथे लोक हमरीतुमरीवर येतात. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले, त्यानंतर एफबीआयने मोठी गोळी पाहिजे म्हणून आधी दहा एमएम घेतली, ती फार धक्का देते म्हणून पॉइंट फोर झीरो घेतली, आणि २०१५ च्या सुमाराला फिरून परत नऊ एमएमवरच आले. कारण साधं होतं, नवीन गोळ्या सुधारल्या होत्या आणि नऊ एमएमने बहुतेक लोकांचा नेम जास्त चांगला लागत होता, लहान हाताच्या लोकांचा तर नक्कीच. म्हणजे मुली, तुझ्या ईशापूरच्या पिस्तुलात जी गोळी आहे तिथेच ते येऊन थांबले.

माझ्या मुलाने यादीतलं सगळ्यात महाग पिस्तूल घ्यायचं ठरवलं होतं. त्याच्या ट्रेनिंग ऑफिसरने त्याला होल्स्टर चांगलं घ्यायला लावलं, तीन अडथळे असलेलं, झटापटीत मागून कुणी ओढलं तरी निघत नाही असं. ते अडथळे अंधारात एका हाताने काढायचा सराव तो आमच्या बेसमेंटमध्ये रिकाम्या निळ्या प्लास्टिकच्या पिस्तुलावर रोज करायचा. पाच महिने जेवणाआधी टक-टक-टक आवाज यायचा खालून. आई म्हणून माझ्या बायकोला त्या आवाजाने किती धीर आला ते मी सांगू शकत नाही.

परवाना_वकील_लातूर

बाबांच्या प्रश्नापुरतं लिहितो, शस्त्र परवान्याची कामं करतो मी.

नऊ एमएम हा बोअर, म्हणजे नळीचा व्यास, आपल्याकडे प्रतिबंधित आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. परवान्यावर मिळतं ते पॉइंट थर्टी टू. बाबांनी वाचलेलं ते बहुधा निर्भीक असावं, कानपूरच्या सरकारी फॅक्टरीने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून काढलेलं पॉइंट थर्टी टूचं रिव्हॉल्व्हर, अर्धा किलो वजन, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या जवळ. परवाना मिळतो तो स्वसंरक्षणासाठी, अर्ज कलेक्टर किंवा आयुक्तांकडे, पोलीस चौकशी होते, कारण दाखवावं लागतं. मिळालं तरी ड्युटीवर कमरेला सरकारी हत्यारच लावायचं. म्हणजे सव्वा लाखाची वस्तू घरात कपाटात, तिची जबाबदारी तुमची, काडतुसांचा हिशेब तुमचा, आणि बदली झाली की परवान्याची कागदपत्रं परत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि लग्नात-वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे शेवटचं अशासाठी लिहिलं की घरात हत्यार आहे हे गावाला कळलं की हळदीच्या दिवशी कोणीतरी मागायला येतंच, आणि पीएसआयच्या घरचं म्हटल्यावर नाही म्हणणं तुमच्या वडिलांना जड जाईल.

खरंच कुणाकडून जिवाला धोका आहे असं झालं तर तेव्हा खात्यामार्फत रीतसर बघता येईल. आत्ता घाई करू नका.

वाशिमची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. हळदीचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले बरं, मग विहिरीवरची मोटर बदलू. आईला एपीआय ताईंचं वॉशरूमचं सगळ्यात पटलं, ती म्हणाली हिला भेटायला घेऊन चल मला.

काका, एक विचारते. चेंबरात राउंड ठेवून फिरायचं की नाही? भावाच्या व्हिडिओत सगळे ठेवतात. आणि ट्रेनिंगला जायच्या आधी घरी पिस्तुलाशिवाय काही तयारी करता येते का?

कोतातला_माणूस

ताई, आमच्याकडे शिरस्ता होता मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं. गरज पडली तर बाहेर काढताना स्लाईड ओढायची. तुमच्या युनिटचा जो आदेश असेल तोच पाळायचा, त्यात आपलं डोकं चालवायचं नाही, कारण तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या अंमलदारालाही माहीत पाहिजे की मॅडमचं पिस्तूल कुठल्या अवस्थेत आहे.

घरच्या तयारीसाठी एक, ओली चादर रोज दोन्ही हातांनी पिळा, शेवटचा थेंब निघेपर्यंत. मनगटाला ह्याच्यासारखं काही नाही. दुसरं, नेमाचा डोळा कोणता ते बघून ठेवा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटी फट करा, त्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरचा खिळा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खिळा दिसत राहतो तो तुमचा नेमाचा डोळा.

वाशिमची_लेक

काका, आत्ता केलं, तीनदा केलं. डावा निघाला. आणि मी तर उजव्या हाताने लिहिते, सगळं उजव्याने करते. एनसीसीतही डावा डोळा मिटूनच नेम धरला होता, म्हणूनच की काय पाचातल्या चार गोळ्या कागदाबाहेर गेल्या होत्या. आता काय करायचं?

कोतातला_माणूस

काही बिघडत नाही, असे बरेच असतात. पिस्तुलाला तर ह्याची अडचणच नाही, हात उजवाच ठेवा, हनुवटी किंचित उजव्या खांद्याकडे वळवा, पिस्तूल आपोआप डाव्या डोळ्यासमोर येतं. रायफलला मात्र त्रास होईल, कारण तिथे गाल दस्त्यावर (मागच्या लाकडी भागावर) टेकवावा लागतो. म्हणून रेंजच्या पहिल्या दिवशी, पहिला राउंड हातात घ्यायच्या आधी, उस्तादांना सांगा की उजवा हात, डावा डोळा. ते ठरवतील रायफल खांदा बदलून शिकवायची की नाही. नंतर सांगितलं तर सवय मोडायला महिना जातो. आणि चादर दोन्ही बाजूंनी पिळत जा, एकदा उजवा हात पुढे, एकदा डावा.